मुंबई आंदण दिली, पण नवरीचं काय? कातारीना राणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याच्या वाचनालयात मी पहिल्यांदा या राणीवर बोलले, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. फोनवर, व्हॉट्सअॅपवर, आणि एकदा तर म्हार्दोळला जायांच्या पूजेला, दोघींच्या हातात फुलांच्या पुड्या असताना. बहुतेकांना मुंबईत रस असतो, नवरीत नसतो. पहिला प्रश्न मुंबईचा, दुसरा चहाचा, आणि मग एखादी बाईमाणूस हळूच विचारते, "बाई, तिचं पुढे काय झालं?" हे पान मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून प्रश्नांना आकडे दिलेत. उत्तरात "प्र. ८ पाहा" असं दिसलं तर सरळ तिथे जावं.

१. कातारीना म्हणजे नेमकी कोण? इंग्रजी पुस्तकांत कॅथरीन म्हणतात ती हीच का?

हीच. पोर्तुगीज नाव कातारीना द ब्रागांसा. जन्म २५ नोव्हेंबर १६३८ चा, पोर्तुगालमधल्या विला विसोझा गावचा. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता आणि तिचे वडील नुसते ड्यूक होते. १ डिसेंबर १६४० ला लिस्बनमध्ये उठाव झाला आणि वडील जुवांव चौथा म्हणून राजे झाले. दोन वर्षांची सरदारकन्या अशी राजकन्या झाली. वडील १६५६ मध्ये वारले. भाऊ आफोन्सो अज्ञान, म्हणून कारभार आईकडे, लुईझा द गुझमानकडे आला. कातारीनाचं लग्न या आईने जमवलं. नवरा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स.

२. तिला पसंती विचारली होती का?

या प्रश्नावर सभागृहात हमखास हसू येतं. मला तो आवडतो, कारण उत्तर एका शब्दात संपत नाही. चार्ल्सशी सोयरिकीची बोलणी पहिल्यांदा निघाली तेव्हा ती लहान मुलगी होती. इंग्लंडमध्ये यादवी पेटली, चार्ल्सच्या बापाचं डोकं उडालं, आणि बोलणी बारगळली. १६६० मध्ये चार्ल्सला गादी परत मिळाली आणि लिस्बनने स्थळ पुन्हा पुढे केलं. तोवर ती एकवीस-बावीस वर्षांची झाली होती. त्या काळच्या राजकन्येसाठी हे वय जास्तच. लिस्बनमधल्या इंग्रज वकिलाने कळवलं होतं की ही मुलगी उभ्या आयुष्यात दहा वेळाही राजवाड्याबाहेर पडली नसेल.

जिने रस्ता पाहिला नाही तिला नवरा निवडायला कुठून येणार? पण ती नाखूष होती असंही दिसत नाही. इंग्लंडची राणी व्हायची तिची तयारी होती. नकार द्यायची सोय नसणं आणि मनात नकार नसणं या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. आपल्या आज्यांना विचारून पाहा.

३. हुंड्यात काय काय दिलं? आणि मुंबई खरोखर हुंडा होती की ती नुसती बोलायची पद्धत?

२३ जून १६६१ च्या तहात सगळं लिहिलेलं आहे. वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणं) रोख, आफ्रिकेच्या उत्तर टोकाचं तांजियर, मुंबई बेट, शिवाय ब्राझील आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखात इंग्रजांना व्यापाराची सवलत. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणासाठी फौज आणि जहाजं द्यायची. राणीला स्वतःच्या कॅथलिक धर्माप्रमाणे वागायची मोकळीक आणि वर्षाला तीस हजार पौंडांची नेमणूक.

मराठीत हुंडा म्हणजे रोख आणि आंदण म्हणजे मुलीबरोबर पाठवलेली चीजवस्तू, भांडी, गाय. त्या हिशोबाने रोकड हा हुंडा आणि मुंबई हे आंदण. "मुंबई आंदण दिली" असं आपण म्हणतो ते अगदी बरोबर म्हणतो. फरक इतकाच की आंदणावर मुलीचा काही हक्क असतो. इथे तहाच्या कागदावर मुंबई राजाच्या नावे गेली. राणीचा तिच्यावर कसलाच अधिकार नव्हता.

रोकडीची गंमत वेगळीच. नवरीला न्यायला इंग्रज आरमार लिस्बनला आलं तेव्हा तिजोरीत पैसे तयार नव्हते. आईने हातापाया पडून निम्म्या रकमेची तजवीज केली, त्यातही साखर आणि इतर माल जहाजांत भरून दिला. "राहिलेलं नंतर देऊ" हे वाक्य मांडवात कुणी म्हटलं की नवरीच्या पुढच्या आयुष्यावर त्याची सावली पडते. इथेही पडली. चार्ल्सने ती थकबाकी पुढे तिच्या तोंडावर काढली.

४. मुंबई दिली लिस्बनने आणि घेतली लंडनने. मग त्यात गोव्याचा काय संबंध?

संबंध असा की हुकूम लिस्बनचा असला तरी अंमल करणारा विजरई, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा इथला प्रतिनिधी, गोव्यात बसत होता, आणि त्याला तो हुकूम मान्य नव्हता.

पार्श्वभूमी आधी सांगते. डच तेव्हा एकेक ठाणं गिळत होते. १६५६ मध्ये कोलंबो गेलं, १६५८ मध्ये जाफना, १६६३ च्या सुरुवातीला कोची. मांडवीच्या तोंडाशी डच जहाजं येऊन नाकेबंदी करत. लिस्बनला वाटलं, इंग्रज जावई झाला तर डचांना आवरील. गोव्यातल्या लोकांना वाटलं, एक चोर घालवायला दुसऱ्याला घराची किल्ली दिली.

सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोची जहाजं मुंबईला पोचली. बरोबर मुंबईचा ताबा घ्यायला नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याचे चारशे शिपाई. त्याच ताफ्यातून नवा विजरई आंतोनियु द मेलु इ काश्त्रु आला. मुंबई म्हणजे किती, शिपमनचे कागद बरोबर आहेत का, असे मुद्दे काढून त्याने ताबा द्यायचं नाकारलं. शिपमनच्या शिपायांना जायला जागा उरली नाही. शेवटी ते अंजदीव बेटावर उतरले.

अंजदीव आज गोव्यातच मोडतं, काणकोण तालुक्यात, पण समोर दिसतो तो कारवारचा किनारा. बेट आता नौदलाकडे आहे, सहज जाता येत नाही. त्या उजाड बेटावर दोन पावसाळ्यांत ताप-हगवणीने माणसं पटापट मेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही तिथेच गेला. शिपमनच्या नावचे कागद मृताच्या नावचे झाले, म्हणून विजरईने पुन्हा घोडं अडवलं. अखेर शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याच्याशी १४ जानेवारी १६६५ ला गोव्यात करार झाला आणि १८ फेब्रुवारीला मुंबईचा ताबा दिला गेला. चारशेंपैकी शंभरच्या आसपास शिपाई उरले होते.

विजरईने सही केली, आणि राजाला लिहूनही टाकलं की इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा. माणूस आडमुठा खरा, पण आंधळा नव्हता.

एक तपशील मी कधीच गाळत नाही. ताब्याच्या कागदांवर सह्या झाल्या त्या मुंबईतल्या मोठ्या घरात, आणि ते घर दोना इनेश द मिरांदा या विधवा बाईचं होतं. बेटाची मालकीण म्हणून ती ओळखली जायची. एका बाईच्या लग्नासाठी दुसऱ्या बाईच्या ओसरीवर तिसऱ्याच्या नावाने बेटाचा ताबा! तिथून तीन वर्षांत, १६६८ मध्ये, चार्ल्सने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं.

५. हुंड्यात साष्टी पण दिली होती असं वाचलं. म्हणजे आमची मडगावची साष्टी?

नाही हो. साष्टी दोन आहेत. एक आपली, मडगावची. दुसरी मुंबईच्या उत्तरेला, ठाणे-वांद्रे असलेली. वाद त्या दुसरीवरून झाला. इंग्रज म्हणत होते मुंबईबरोबर तीही आली, पोर्तुगीज म्हणत होते फक्त बेट. ती पोर्तुगिजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून. मडगावला या लग्नाची झळ लागली नाही.

६. जुन्या गोव्यातलं सांता कातारीनाचं कॅथेड्रल याच राणीच्या नावाने आहे का?

नाही. ते अलेक्झांड्रियाच्या संत कातारीनाच्या नावाने आहे. आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० ला, म्हणजे त्या संतिणीच्या सणादिवशी, म्हणून नाव. आता प्र. १ मधली जन्मतारीख पुन्हा पाहा. राणीही २५ नोव्हेंबरचीच. राणीचं नाव आणि कॅथेड्रलचं नाव एकाच सणावरून आलंय, एवढंच नातं.

आणखी एक घोळ होतो. पोर्तुगालच्या इतिहासात शंभर वर्षं आधीची दुसरी कातारीना राणी आहे, तिसऱ्या जुवांवची बायको, ऑस्ट्रियाच्या घराण्यातली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं तेव्हा पोर्तुगालचा कारभार तिच्या हाती होता. ते पाप आपल्या कातारीनाच्या माथी मारू नये.

७. लग्न चर्चमध्ये झालं ना? मग तिला राज्याभिषेक का झाला नाही?

लग्न एकाच दिवशी दोनदा झालं. २१ मे १६६२, पोर्ट्समथ. आधी तिच्या खोलीत गुपचूप कॅथलिक विधी, मग चारचौघांत इंग्लंडच्या चर्चचा विधी. पहिल्याशिवाय तिच्या लेखी लग्न लागत नव्हतं, दुसऱ्याशिवाय इंग्लंडच्या लेखी.

चार्ल्सचा राज्याभिषेक वर्षभर आधीच उरकला होता. हिचा वेगळा करायचा तर तो इंग्लंडच्या चर्चचा विधी, आणि कॅथलिक बाई तो घेणार नाही. त्यामुळे तेवीस वर्षं राणी होऊनही तिच्या डोक्यावर मुकुट विधिपूर्वक चढला नाही.

८. बाई, राजाने आपल्या ठेवलेल्या बाईला राणीच्याच सेवेत नेमलं हे खरं का?

खरं, आणि नवरीविषयी मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात.

तिचं नाव बार्बरा पामर, लेडी कॅसलमेन. लग्नाच्या आधीपासून राजाचा तिच्याशी संबंध होता, आणि लग्नाला महिना होतो न होतो तोच, जून १६६२ मध्ये, तिला मुलगा झाला. राणीच्या शयनगृहाच्या मानकरणींची यादी राजाने राणीकडे पाठवली, त्यात बार्बराचं नाव होतं. कातारीनाला हे नाव माहेरीच कळलेलं होतं. तिने ते खोडलं. नवीन नवरीने लेखणी उचलून केलेली ही पहिली आणि जवळजवळ शेवटची उघड कृती.

राजाने मग हॅम्प्टन कोर्टला भर दरबारात बार्बराला हाताला धरून आणलं. राणी तिला तोंडाने ओळखत नव्हती, म्हणून हसून स्वागत केलं. कुणीतरी कानात नाव सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, नाकातून रक्त वाहू लागलं आणि ती बेशुद्ध पडली. उचलून आत न्यावं लागलं. राजाला हा आपला अपमान वाटला. समजूत घालायला त्याने आपला प्रधान क्लॅरेंडन याला पाठवलं आणि त्यालाही लिहून बजावलं की या कामात जो बार्बराच्या आड येईल तो माझा जन्माचा वैरी.

आपल्याकडच्या राजवाड्यांत नाटकशाळा होत्या, सवती होत्या. म्हणून काही जण मला म्हणतात, यात नवल ते काय? नवल पदात आहे. सवतीचा महाल वेगळा असतो. इथे नवऱ्याच्या माणसाने तुमच्या न्हाणीघरापासून शेजघरापर्यंत वावरायचं, तुमचे कपडे हाती द्यायचे, त्याचा तनखा घ्यायचा, आणि तुम्ही तिला "मानकरीण" म्हणायचं. घरात एक कोपरा आपला असतो, तोही सरकारी हुकुमाने काढून घेतलेला.

याच भांडणात राजाने दुसरं हत्यार उपसलं. तिच्याबरोबर आलेला पोर्तुगीज लवाजमा जवळजवळ सगळा परत पाठवला. खूप विनवण्या केल्यावर म्हातारी, जवळपास आंधळी झालेली पेनाल्व्हाची काउंटेस तेवढी राहू दिली. सासरी आपली भाषा बोलणारं एकही माणूस नसणं म्हणजे काय, हे घाटापलीकडे लग्न होऊन गेलेल्या आपल्या पोरींना सांगायला नको.

९. मग तिने माघार का घेतली? थोडी हट्टाला पेटली असती तर?

पेटली होती. पूर्ण उन्हाळा. राजा बोलेना, दरबारी लोक वाऱ्याची दिशा पाहून तिच्याकडे फिरकेनात. शरद लागेपर्यंत तिने एके दिवशी अचानक बार्बराशी गोड बोलायला सुरुवात केली. ज्या क्लॅरेंडनने तिला नमायला सांगितलं होतं त्यानेच पुढे लिहून ठेवलं की अशी एकाएकी नमली म्हणून लोकांच्या मनातला तिचा मान कमी झाला. सांगणारा हाच आणि नावं ठेवणाराही हाच!

माझं मत वेगळं आहे. रुसून माहेरी जायची सोय असते तीच बाई हट्ट धरू शकते. हिचं माहेर स्पेनशी लढत होतं आणि त्या लढाईत इंग्रज पलटणी होत्या. १६६३ मध्ये आमेशियालची लढाई पोर्तुगालने जिंकली त्यात त्यांचा हातभार होता. राजाने राणीला उचलून परत पाठवलं असतं तर त्या पलटणी तिथे कुणी राहू दिल्या असत्या? घरची भांडी सांभाळण्यासाठी नांदणाऱ्या बायका आपण पाहिल्यात. हिने देशाची सीमा सांभाळायला नांदणूक केली.

बार्बराचं ते पद पुढे १६७३ मध्ये गेलं, तेही राणीमुळे नाही. कॅथलिकांनी सरकारी पद धरू नये असा कायदा झाला, आणि बार्बरा मधल्या काळात कॅथलिक झाली होती.

१०. तिला मूल का झालं नाही?

दिवस गेले होते, एकदा नव्हे. १६६६, १६६८ आणि १६६९ मध्ये गर्भपात झाल्याच्या नोंदी आहेत. त्याआधी १६६३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ती तापाने मरणाच्या दारी पोचली होती. वातात तिला वाटे की आपल्याला मुलगा झालाय, आणि तो दिसायला कुरूप आहे म्हणून ती खंत करी. चार्ल्स उशाशी बसून रडला आणि "नाही, गोड आहे" असं तिच्या भ्रमाला दुजोरा देत राहिला. प्र. ८ मधला चार्ल्स आणि हा चार्ल्स एकच. म्हणून तर हा माणूस रंगवायला अवघड.

दोष कुणाचा हे तेव्हाच्या दरबाराने ठरवून टाकलं होतं, कारण राजाची अनौरस मुलं डझनभर तरी होती.

११. वारस नाही, तर त्या काळी राजे बायको सोडायचेच. हिला का सोडलं नाही?

सल्ले पुष्कळ आले. १६७० मध्ये एका सरदाराला, लॉर्ड रूझला, पुन्हा लग्न करता यावं म्हणून पार्लमेंटात ठराव आला. राजा स्वतः ती चर्चा ऐकायला जाऊन बसला, तेव्हा सगळ्यांनी ओळखलं की वारा कुठे वाहतोय. १६८० मध्ये राजाचा विरोधक सरदार शाफ्ट्सबरी याने उघडच सुचवलं की राजाने घटस्फोट घेऊन प्रोटेस्टंट बायको करावी. चार्ल्सने दोन्ही वेळा पाऊल उचललं नाही. आपला अनौरस मुलगा मनमथ हा लग्नाचाच असल्याची अफवा उठली तेव्हा, कातारीनाशिवाय मी कुणाशी लग्न केलेलं नाही, असं त्याने लेखी जाहीर केलं.

का सोडलं नाही? शरम असेल, सवय असेल, गादीचा हक्क पार्लमेंटच्या हाती जाऊ नये ही धूर्तताही असेल. प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण नुसता हिशोब म्हणायलाही नाही.

१२. तिच्यावर विष घालायचा आरोप झाला होता का?

झाला. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या लबाडाने कॅथलिकांच्या कटाची खोटी कहाणी रचली आणि अख्खं लंडन पेटवलं. राणी आणि तिचा वैद्य सर जॉर्ज वेकमन यांनी राजाला विष देण्याचा बेत केला असं त्याने सांगितलं. राणीला राजवाड्यातून हलवावं असा ठराव खालच्या सभागृहात झालासुद्धा, वरच्याने तो उचलून धरला नाही. राजाने ओट्सची स्वतः उलटतपासणी घेतली आणि राणीच्या पाठीशी उभा राहिला. वेकमन जुलै १६७९ मध्ये निर्दोष सुटला. निरपराध अशा कितीतरी कॅथलिकांना मात्र फाशी झाली होती. सोळा वर्षं ज्याच्यामुळे सोसलं त्याच्याच जिवावर उठल्याचा आळ!

१३. म्हणजे बिचारी जन्मभर रडतच होती?

अजिबात नाही, आणि "बिचारी" म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. १६७० मध्ये ऑडली एंडला मुक्काम असताना ती आणि दोन डचेस बायका खेडवळ पोरींचं सोंग घेऊन जवळच्या जत्रेत गेल्या. लाल घागरे, गावठी थाट, बसायला मरतुकडं घोडं. सोंग इतकं जास्त झालं की लोक बघायलाच जमले. राणी एका दुकानात "आपल्या याराला" पिवळे मोजे घेत असताना तिच्या बोलण्यावरून ती परकी आहे हे कळलं, कुणीतरी ओळखलं, आणि गर्दी मुक्कामापर्यंत मागे लागली. लहानपणी दहा वेळाही बाहेर न पडलेली (प्र. २) बाई जत्रेत मोजे घेतेय, हे चित्र मला फार आवडतं.

पत्ते खेळायची, नाचायची, धनुष्यबाण चालवायची, गळ टाकून मासे धरायची. शिवाय तिचं स्वतःचं प्रार्थनाघर होतं, तिचे पाद्री होते. बाहेरचे कॅथलिक चोरून प्रार्थना करत त्या शहरात हिच्या देवघराला तहाचं संरक्षण होतं. ती जागा तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

१४. इंग्रजांना चहा हिनेच शिकवला ना?

निम्मं खरं. ती यायच्या आधी, १६६० मध्येच, लंडनमध्ये सॅम्युअल पेपिसने चहा प्यायल्याचं रोजनिशीत लिहिलंय. पण तो औषधी, महागडा, नवलाईचा पदार्थ होता. पोर्तुगीज दरबारात रोज चहा पीत, हिने ती सवय दरबारी बायकांत रुजवली. पोर्तुगीज शब्द "शा", आपला "चहा", आणि दोन्हींचं मूळ चीनच्या बंदरात. ही राणी जिथे गेली तिथे चहा गेला, पण चहाची कथा तिच्याबद्दलची सगळ्यांत पुसट गोष्ट आहे, म्हणून इथेच थांबते.

१५. आपल्या गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. मग मुंबई निम्मी तिची नव्हे का?

नोटरीकडे काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न, आणि तो मला झोपेतही आठवतो. आपल्याकडचा तो नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला, गोव्यात १ जुलै १८७० पासून. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तरच सामाईक मालकी लागते. कातारीनाचं लग्न दोनशे वर्षं आधीचं, इंग्लंडमधलं, आणि मुळातच करार होऊन झालेलं. हिस्सा शून्य.

पण वंशाचा मुद्दा (प्र. १०) घेऊन त्याच कायद्याकडे पाहा. गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये जे फर्मान निघालं त्यात, बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही तर नवऱ्याला दुसरी करायची मुभा ठेवली होती. कातारीना पंचवीस वर्षांची झाली ती नोव्हेंबर १६६३ मध्ये, त्याच तापातून उठता उठता.

१६. तुमच्या लेखात एक तारीख, दुसऱ्या पुस्तकात दुसरी. कुठली खरी?

दोन्ही. पोर्तुगालने, म्हणजे गोव्यानेही, १५८२ मध्ये नवी दिनदर्शिका घेतली. इंग्लंड १७५२ पर्यंत जुनीवर राहिलं. सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा. लग्नाची २१ मे ही इंग्लंडची तारीख, लिस्बनमध्ये त्या दिवशी ३१ मे होती. मुंबईच्या ताब्याची १८ फेब्रुवारी ही पोर्तुगीज तारीख. त्यात इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून काही कागदांत तो फेब्रुवारी १६६४ चा दिसतो.

१७. ती कधी गोव्याला आली होती?

नाही, आणि मुंबईलाही नाही. पोर्तुगालच्या राजघराण्यातलं माणूस इथे दिसलं ते फार उशिरा. १८९५ मध्ये सत्तरीतल्या राणे घराण्याच्या बंडाच्या वेळी फौज घेऊन राजाचा भाऊ आफोन्सो आला. सत्तरी तालुक्यातले वाचक ती कथा माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

१८. नवरा गेल्यावर तिचं काय झालं? आपल्या येसूबाईंसारखं कैदेत राहावं लागलं का?

चार्ल्स ६ फेब्रुवारी १६८५ ला गेला. मरताना तो गुपचूप कॅथलिक झाला. कातारीना आधी उशाशी होती, पण तिला भोवळ आली. आपलं काही चुकलं असेल तर क्षमा करावी असा निरोप तिने पाठवला. त्यावर तो म्हणाला, ती बिचारी माझी क्षमा मागते? मीच तिची मागतो.

येसूबाई १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती सापडल्या आणि १७१९ मध्ये सुटल्या. तीस वर्षं. कातारीना १६६२ ला इंग्लंडमध्ये उतरली आणि १६९२ मध्ये निघाली. तीही तीस. आकडे जुळतात म्हणून जोडी लावायचा मोह होतो, पण एकीवर पहारा होता आणि दुसरीला तनखा होता. ही सरमिसळ मी करत नाही.

विधवेला लगेच निघता आलं नाही. मध्ये दीर जेम्स गादीवर आला. मनमथने त्याच्याविरुद्ध बंड केलं, फसला, आणि जीव वाचवण्यासाठी कातारीनाची विनवणी केली. नवऱ्याच्या अनौरस पोरासाठी तिने खरोखर शब्द टाकला. उपयोग झाला नाही, जुलै १६८५ मध्ये त्याचं डोकं उडालं. पुढे जेम्सही पळाला, नवे प्रोटेस्टंट राजाराणी आले, तेव्हा तिने गाठोडं बांधलं.

जानेवारी १६९३ मध्ये ती लिस्बनला पोचली आणि बेंपोश्तामध्ये स्वतःचा राजवाडा बांधला. तिथे आता लष्करी अकादमी आहे. १७०४-०५ मध्ये भाऊ पेद्रु आजारी, तेव्हा साठी ओलांडलेल्या कातारीनाने पोर्तुगालचा कारभार हाती घेतला. स्पेनशी पुन्हा लढाई जुंपली होती, आणि कारभार तिने नीट हाकला. इंग्लंडमध्ये आपल्या खोलीतली एक मानकरीण नाकारता आली नाही, ती बाई इथे सेनापतींना हुकूम देत होती. ३१ डिसेंबर १७०५ ला ती वारली. गोवाही त्या काळात तिच्याच कारभाराखाली होता, हे मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही.

१९. न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग हिच्या नावाने आहे का?

१६८३ मध्ये क्वीन्स काउंटी झाली तेव्हा राणी हीच होती आणि शेजारच्या काउंटीचं नाव किंग्ज. म्हणून तसं मानतात. १९९० च्या दशकात तिथे तिचा प्रचंड पुतळा उभारायचा घाट घातला होता. तिच्या घराण्याचा गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध काढून लोकांनी विरोध केला आणि बेत रद्द झाला. तो विरोध मला पटतो. सोसलेली बाई म्हणून हिशोबातून सुटका नाही.

२०. आमच्या देवळाच्या उत्सवात तिच्यावर एकांकिका करायची आहे. काय लक्षात ठेवू?

भाषा आधी. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला पोर्तुगीज येत नव्हतं. दोघं स्पॅनिशमध्ये बोलत, म्हणजे तिच्या आईच्या भाषेत आणि तिच्या देशाच्या शत्रूच्या भाषेत. नाटक मराठीत करा, पण पहिल्या प्रवेशात तिला वाक्य शोधत बोलू द्या. नंतरच्या प्रवेशांत ती भराभर बोलेल, तेवढ्यावरून वर्षं गेलेली कळतील.

पोशाखात घेराचा सांगाडा असलेला पोर्तुगीज घागरा हवा. ती उतरली तेव्हा इंग्रज त्याला हसले होते, आणि थोड्याच दिवसांत तिने तो टाकून इंग्रजी कपडे घातले. तो बदल रंगमंचावर होऊ द्या. बार्बराला खलनायिका करू नका, तिचंही पोट त्याच राजावर होतं. आणि नाकातून रक्त येण्याचा प्रवेश कराल तर कुंकवाचं पाणी वापरू नका. गेल्या वेळी एका मंडळाने वापरलं, आणि समोर बसलेल्या बायकांना वाटलं राणीचं कुंकू पुसलं गेलं. त्यांनी चार्ल्स मेला असं समजून पुढचा सगळा प्रवेश पाहिला.